बोनापार्ट पडला म्हणून

मी समीक्षक नाही, बी.कॉम. आहे. इमारतींशी माझा संबंध येतो तो कर्जाच्या फायलीत. इमारत तारण म्हणून आली, की तिचा सर्च रिपोर्ट आहे का, मूल्यांकन झाले आहे का, घरटॅक्सची पावती ताजी आहे का, एवढे पाहायचे आणि फाईल वरच्या टेबलावर सरकवायची. इमारत देखणी आहे की कुरूप, ती पाहून मनाला काय वाटते, असा रकाना आमच्या फॉर्मात नाही. तरीही आज मी एका इमारतीवर टीका करायला बसलो आहे. अधिकार काय म्हणून विचाराल, तर त्या इमारतीपायी मी माझी एलएफसी खर्ची घातली आहे. तिकीट काढून सिनेमाला गेलेल्या माणसाला जो अधिकार असतो, तोच माझा.

एलएफसी म्हणजे काय, हे बँकवाल्यांच्या घरी सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. चार वर्षांतून एकदा बँक आपल्याला सहकुटुंब भारतात कुठेही जाण्याचे भाडे देते, आणि ‘कुठेही’ म्हणजे नेमके कुठे यावर आपण चार वर्षे घरात भांडतो. सौ.चे म्हणणे उटी. चिरंजीव नववीत, त्यांचे म्हणणे अंदमान. मी म्हटले, तंजावूर. त्यावर घरात जी शांतता पसरली तिला युद्धविराम म्हणता येणार नाही.

बँकेत सांगितले तर आमचे हेड कॅशियर नोटा मोजायचे थांबले. (मशीन आले तरी ते एकदा हाताने मोजतातच.) म्हणाले, “तंजावूरले कायले जी? भोसलेच पाहाचे असन तं महालात जा ना बाप्पा! ऑटोवाला नेऊन सोडते.”

मुद्दा बिनतोड होता. आम्हा नागपूरकरांना भोसल्यांचे अप्रूप नाही. महालात त्यांचा वाडा आहे, आणि बागा म्हणाल तर महाराजबाग काय, तुळशीबाग काय, तेलंगखेडी काय! आमच्या भोसल्यांनी जिथे तिथे बागा लावल्या. आमचे पहिले रघूजी तर १७४१ साली थेट त्रिचनापल्लीपर्यंत जाऊन ती जिंकून आले होते, आणि तेही एलएफसीशिवाय. पण तंजावूरच्या भोसल्यांनी जे बांधले ते आमच्या भोसल्यांनी बांधले नाही, ही गोष्ट कुठेशी वाचल्यापासून माझ्या डोक्यात बसली होती. तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी यांनी समुद्रकाठी एक आठ मजली मनोरा बांधला. कशासाठी? तर युरोपात नेपोलियन बोनापार्ट पडला म्हणून!

ते वाक्य मी तीनदा वाचले. आमच्याकडे मुलगा झाला म्हणून पेढे वाटतात, नवस फिटला म्हणून दीपमाळ बांधतात, लढाई जिंकली म्हणून बुरूज बांधतात. सात समुद्रांपलीकडे दोन परक्यांच्या भांडणात एक पडला, म्हणून आपल्या गावी आठ मजले चढवणारा मराठी माणूस पाहिलाच पाहिजे, असे मला वाटले. माणूस १८३२ सालीच गेला होता. म्हणून मग मनोरा.

नागपूरहून चेन्नई आणि तिथून रात्रीच्या गाडीने तंजावूर. पहिले दोन दिवस बृहदीश्वराचे देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांत गेले. त्या देवळाविषयी मी बोलणार नाही. ज्या इमारतीसमोर उभे राहिले की आपले मूल्यांकनाचे सर्टिफिकेट आपल्यालाच लहान वाटू लागते, तिच्यावर टीका कसली करायची! एवढेच सांगतो की, राजराज चोळाच्या त्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे, आणि तमिळ मुलुखात ते देवनागरी बाळबोध अक्षर पाहून सौ.चा उटीचा राग निम्म्याने उतरला. उरलेला निम्मा तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी टॅक्सी केली. ड्रायव्हरला हिंदी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते, आणि इंग्रजी दोघांनाही सारखेच येत होते. गावाचे नाव शाळुवनायकन्‌पट्टिनम. ते म्हणायचा मी दोन वेळा प्रयत्न केला. शेवटी कंटाळून नुसते “मनोरा” म्हटले. त्यासरशी तो हसला आणि म्हणाला, “मनोरा!” अहो, तोच शब्द! दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांनी तिथे नेऊन ठेवला, तो तिथल्या लोकांनी जसाच्या तसा ठेवून घेतला आहे. लायब्ररीचे पुस्तक आठवडाभर उशिरा परत करणारी माणसे आपण. मला भरून आले.

पट्टुकोट्टैवरून पुढे, तंजावूरपासून साधारण पासष्ट किलोमीटरवर समुद्र लागतो. समुद्र म्हणजे पाल्कचा उपसागर. लाटाबिटांच्या भानगडीत तो पडत नाही. आपला अंबाझरीचा तलाव जरा जास्त भरावा तसा पसरलेला. आणि काठावर तो मनोरा.

आता टीका.

लांबून मनोरा छान दिसतो. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण जवळ गेल्यावर मी तसे म्हणणार नाही. तो षट्कोनी आहे, आठ मजली, उंची सुमारे पंचाहत्तर फूट. प्रत्येक मजल्याला कमानींच्या खिडक्या, आणि दर दोन मजल्यांच्या मध्ये चहूकडून बाहेर आलेला छज्जा. या छज्ज्यांनी सगळा घोटाळा केला आहे. मनोरा म्हटला की नजर सरळ वर चढत गेली पाहिजे. इथे ती दर दहा फुटांवर छज्ज्याला अडखळते, दम घेते, पुन्हा चढते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, हे तर चायनीज वाटते.” सौ. म्हणाली, “मला तर पुडाचा डबा वाटतो, कडी लावून उचलायचा.” दोन्ही मते एका मिनिटात पडली, आणि त्यानंतर अर्धा तास प्रयत्न करूनही मला त्या मनोऱ्यात दुसरे काही दिसेना. टीकेच्या क्षेत्रात आमच्या घरी माझा नंबर तिसरा आहे.

खरी अडचण अशी की, त्या मनोऱ्याला आपण कोण हेच ठरवता आलेले नाही. इंग्रज लोक विजयासाठी खांब उभारतात. हा खांब म्हणावा तर त्याला खिडक्या आहेत. मुसलमानी मिनार म्हणावा तर अंग फार भरलेले. आपली दीपमाळ म्हणावी तर दिवे कुठे लावायचे? घर म्हणावे तर राहायचे कुणी? पुढे जहाजांना दिशा दाखवायला दीपगृह म्हणून त्याचा उपयोग झाला म्हणतात, आणि मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली तेवढीच पक्की नोकरी. बाकी सगळी हंगामी.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो तो मनोऱ्यासमोर नव्हे, त्याच्याभोवतीच्या खंदकापाशी. होय, खंदक आहे! तटबंदीसुद्धा आहे. लोक त्याला मनोरा किल्लाच म्हणतात. आता किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिंहगड, रायगड, गेला बाजार सीताबर्डीची टेकडी तरी येते. आत काहीतरी असते आणि बाहेरून कुणीतरी यायचे असते, म्हणून तट आणि खंदक. इथे आत काय होते? एक अभिनंदन. आणि ते पळवून न्यायला समुद्रातून कोण येणार होते? खुद्द बोनापार्ट?

अशा इमारतींना इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ मूर्खपणा. आणि बांधणारेही तो शब्द हसत हसत वापरतात. अठराव्या शतकात विलायतेतल्या बड्या लोकांना आपापल्या बागांत खोटे जुने बुरूज बांधण्याचा नादच लागला होता. वूस्टरशायरात ब्रॉडवे नावाच्या गावावरच्या टेकडीवर १७९८-९९ च्या सुमाराला एका लॉर्डाने असाच मध्ययुगीन थाटाचा बुरूज बांधला. म्हणतात की टेकडीवर पेटवलेला जाळ बावीस मैलांवरच्या आपल्या घरून दिसतो का, हे त्याच्या बाईसाहेबांना पाहायचे होते. आमच्या घरी असे प्रश्न जाळ पेटवूनच सुटतात, पण बुरुजापर्यंत कधी गेले नाहीत.

सगळ्यांत नामी गोष्ट जर्मनीतल्या कासल गावची. तिथल्या विल्हेल्म नावाच्या संस्थानिकाने आपल्या राजवाड्याच्या बागेत १७९३ ते १८०१ अशी आठ वर्षे खपून एक सरदारी किल्ला बांधला. नाव लोवेनबुर्ग, म्हणजे सिंहगडच म्हणा ना! किल्ला नवा कोरा, पण बांधला अर्धवट पडलेला, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की पाचशे वर्षांचा आहे. आत चिलखते, ढाली, तलवारी, सगळा जामानिमा. आणि १८०६ साली नेपोलियनची फौज खरोखरच आली. विल्हेल्मसाहेब त्या किल्ल्यात शिरून लढले का? छे! ते देश सोडून गेले, आणि पुढच्या वर्षी तिथे नेपोलियनचा धाकटा भाऊ राजा होऊन बसला. बागेतल्या सिंहगडाने त्याला तोंडातून ब्रसुद्धा काढून अडवले नाही. जाताना विल्हेल्मसाहेबांनी आपल्या पैशाची व्यवस्था मात्र रोथशिल्ड नावाच्या सावकाराकडे ठेवली होती. किल्ला खोटा चालतो, बँक खरी लागते, हे त्यांना कळत होते. १८१३ साली लाइपझिगला नेपोलियनचा पराभव झाला तेव्हा ते परत आले, आणि १८२१ साली वारल्यावर त्यांना त्या लुटुपुटीच्या किल्ल्यातच पुरले.

आता गंमत पाहा. ज्या पराभवामुळे विल्हेल्मला आपला खोटा किल्ला परत मिळाला, त्याच पडझडीच्या आनंदात आमच्या सरफोजींनी आपला मनोरा बांधायला घेतला. पण विल्हेल्मचे काहीतरी गेले होते आणि परत आले होते. सरफोजींचे बोनापार्टने काय घोडे मारले होते?

बोनापार्टने काही नाही. जे घेतले ते इंग्रजांनी. १७९९ च्या तहाने कंपनीने तंजावूरचे राज्य आपल्याकडे घेतले आणि राजांना ठेवला तो तंजावूरचा किल्ला आणि थोडा भोवतालचा भाग. मोबदला म्हणून वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. आमच्या भाषेत सांगायचे तर मूळ ठेव बँकेने जमा करून घेतली आणि खातेदाराला व्याजावर आजन्म बसवले. सैन्य नाही, लढाई नाही, वसुली नाही. गादीवर येऊन वर्ष होते न होते तो माणूस पेन्शनर झाला. वय विशीच्या आतबाहेर.

अशा माणसाने काय करावे? सरफोजींनी जे केले ते ऐकून सौ.सुद्धा “हो का?” म्हणाली. त्यांनी ग्रंथ जमवले. १८०५ साली देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी त्यात इसापच्या गोष्टी मराठीतून छापल्या. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवले आणि त्यांची टिपणे चित्रांसकट ठेवली. लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याकडे ते इंग्रजी शिकले होते. युरोपातून पुस्तके मागवत. पुण्यामुंबईला मराठी छापील अक्षर नीट दिसायच्या आधी हा माणूस तिकडे, तमिळ देशात, आपल्या भाषेत इसाप वाचत बसला होता. आणि इसाप म्हटला की मला आधी तो कावळ्याच्या गळ्याची तारीफ करणारा कोल्हाच आठवतो.

कारण मनोऱ्यावरचे शिलालेख. ते इंग्रजीत आहेत, मराठीत आहेत, तमिळमध्ये आहेत. मतलब एवढाच की, इंग्रज सरकारचे मित्र असलेल्या सरफोजी महाराजांनी इंग्रजांच्या शस्त्रांचा विजय आणि बोनापार्टचे पतन यांच्या स्मरणार्थ हे उभारले. सर्क्युलरच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून यादी असते ना, तसे ते सगळ्या भाषांत पाठवले आहे. मासे धरायला निघालेल्या कोळ्याने ते वाचून काय करावे, अशी अपेक्षा होती? पॅरिस कोणत्या बाजूला, हे जाळे टाकताना विचारात घेण्याची गरज त्याला पडत नसावी. समीक्षक म्हणून मनोऱ्याचा मोठा दोष सांगा म्हणाल तर मी छज्ज्यांचा सांगणार नाही, खंदकाचाही नाही. इंग्रजीतली खुशामत मी समजू शकतो. तो कार्यालयीन पत्रव्यवहार आहे. तीच मराठीत कोरायला नको होती.

तिथे चिरंजीवांनी एक शंका काढली. हल्ली शाळेत इतिहास शिकवतात असे दिसते. “बाबा, नेपोलियन हरला ते वॉटर्लू १८१५ मध्ये ना? जूनमध्ये? मग हे १८१४ मध्येच कसे बांधायला घेतले?”

मनोऱ्याचे बांधकाम १८१४-१५ चे. लोक कुणी लाइपझिग सांगतात, कुणी वॉटर्लू सांगतात. पण हिशेब मांडला तर असा निघतो: १८१३ च्या ऑक्टोबरात लाइपझिग, १८१४ च्या एप्रिलमध्ये नेपोलियनने गादी सोडली आणि त्याला एल्बा बेटावर नेऊन ठेवले. ही बातमी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून आपल्याकडे यायला काही महिने. आली, राजे खूष, गवंडी कामाला. आणि इकडे चुन्याची घाणी फिरत असताना १ मार्च १८१५ रोजी बोनापार्ट एल्बाहून निसटून फ्रान्सात परत!

मी आपला ते चित्र डोळ्यांपुढे आणतो. समजा पाचवा मजला चालू आहे. किनाऱ्यावर जहाज लागते. कुणीतरी घाईघाईने वर येऊन सांगते, “महाराज, पडला होता तो उठला.” मुकादम थापी हातात धरून खाली बघतो आहे. काय सांगायचे त्याला? काम थांबवा म्हणावे, तर इंग्रज रेसिडेंटला वाटेल की उठल्याचा आनंद झाला. चालू ठेवा म्हणावे, तर ज्याच्या पडल्याबद्दल बांधतो आहोत तो घोड्यावर बसून पॅरिसकडे निघालेला. चेक क्लिअर व्हायच्या आधी पेढे वाटणाऱ्या माणसाची अवस्था मी रोज काउंटरवर पाहतो, पण आठ मजल्यांचे पेढे मी कधी पाहिले नव्हते. सुदैवाने १८ जूनला वॉटर्लू झाले आणि मनोरा कामी आला. एरवी लंडनमधला नेल्सनचा खांब पाहा. ट्रफाल्गारची लढाई १८०५ ची, आणि खांब पुरा झाला १८४३ ला. ज्यांचा विजय त्यांना अडतीस वर्षे घाई नव्हती.

चिरंजीव पोट धरून हसले. सौ. हसली. मीही हसत होतो, पण अर्ध्यात मला एक लॅमिनेशन केलेला कागद आठवला आणि मी समुद्राकडे तोंड केले.

त्याचे असे झाले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत होती आणि आईचे डायलिसिस नागपुरात, आठवड्यातून दोनदा. शनिवारी रात्रीच्या एसटीने यायचे, रविवारी रात्री परत. मधल्या दिवसांत शेजारची मुले तिला दवाखान्यात नेत. बदलीचे तीन अर्ज झाले होते. तिन्हींची पोच होती, उत्तर नव्हते. अशात झोनल मॅनेजरसाहेबांची भेट ठरली. शाखाधिकारी मला म्हणाले, “तुम्ही पेपरात लिहिता म्हणे. मानपत्र लिहा.”

मी लिहिले. काय लिहिले ते आठवले की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. साहेबांना मी सूर्य म्हटले, भगीरथ म्हटले, ठेवींच्या वृद्धीचा संबंध त्यांच्या पायगुणाशी लावला. दारात केळीच्या खांबांची कमान उभारली. मानपत्र चंद्रपूरहून छापून, लॅमिनेशन करून आणले. आणि भेटीच्या दोन दिवस आधी साहेबांची बदली झाली! त्यांच्या जागी दुसरे आले आणि दौरा मात्र तोच राहिला. शाखाधिकारी म्हणाले, “नाव तेवढे बदला. बाकी राहू द्या.”

लॅमिनेशनवर कागदाची पट्टी नीट चिकटत नाही, हे मला त्या दिवशी कळले. नवे साहेब मानपत्र हातात घेऊन वाचू लागले, वरून पंखा, आणि पट्टीचे एक टोक फडफडू लागले. खालून जुने साहेब डोकावत होते. नव्या साहेबांनी ते पाहिले. मी पाहिले की त्यांनी पाहिले. त्यांनी फक्त अंगठा पट्टीवर ठेवला, शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, “फार छान. कुणी लिहिले?”

तीन महिन्यांनी माझी नागपूरला बदली झाली. मानपत्रामुळे की तिसऱ्या अर्जाला जोडलेल्या मेडिकल सर्टिफिकेटामुळे, ते त्या फायलीलाच ठाऊक. आई त्यानंतर अडीच वर्षे होती. तेवढी सगळी डायलिसिसे मी स्वतः केली.

तेव्हा मनोऱ्याखाली उभा राहून सरफोजींना खुशामतखोर म्हणायला माझी जीभ वळेना. वर्षाला लाख पॅगोडा आणि पाचवा हिस्सा वेळेवर येत राहिला, म्हणून ग्रंथ आले, छापखाना चालला, डोळ्यांची चित्रे निघाली. वरचे साहेब खूष राहावेत म्हणून अधूनमधून काहीतरी बांधावे लागते. त्याला कुणी भाडे म्हणेल, कुणी सर्व्हिस चार्ज म्हणेल. कोरायचे ते कोरून घेतले आणि परत जाऊन पोथ्या उघडल्या. तो खंदकही मग मला वेगळा दिसायला लागला. ज्याला फौज ठेवता येत नाही अशा भोसल्याने निदान खंदक तरी खणून घेतला. आम्ही शाळेत एनसीसीत लाकडी बंदूक घेऊन कवायत करायचो; तीही खांद्यावर घेतली की मान ताठ व्हायची.

सौ.ने मात्र नेमका प्रश्न विचारला. “मग त्याचा उपयोग झाला का?”

आता इथे मला आमच्या नागपूरचा खातेउतारा काढावा लागला. सरफोजींचा मनोरा चढत होता तेव्हा आमच्याकडे दुसरे रघूजी होते. इंग्रज त्यांच्या मागे तैनाती फौजेचा तह घेऊन लागले होते आणि हे मरेपर्यंत ‘पाहू’ म्हणत राहिले. १८१६ च्या मार्चमध्ये ते गेले. मेमध्ये अप्पासाहेबांनी सही केली, आणि सही केल्यावर दीड वर्षाने, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, सीताबर्डीवर लढाई दिली. हरले. म्हणजे तंजावूरच्या भोसल्यांनी मनोरा बांधला आणि नागपूरच्या भोसल्यांनी तोफा डागल्या. पुढे काय झाले? १८५३ च्या डिसेंबरात आमचे तिसरे रघूजी वारले; वारस नाही म्हणून १८५४ ला नागपूर खालसा. हत्तीघोडे सीताबर्डीवर लिलावाला काढले, दागिने कलकत्त्याला. १८५५ च्या ऑक्टोबरात सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे वारले. वारस नाही म्हणून तंजावूरही त्याच वाटेने. दोन्ही खाती एकाच डलहौसीसाहेबांनी, दोन वर्षांच्या आत, एकाच नियमाखाली बंद केली. मनोऱ्याचे एक पैशाचे व्याज दिले नाही आणि तोफांचा एक पैसाही जास्तीचा दंड लावला नाही.

“म्हणजे बांधले काय आणि लढले काय!” सौ. म्हणाली.

मी म्हटले, “तसे नाही. सीताबर्डीवर माणसे मेली.”

त्यावर कुणी काही बोलले नाही. ड्रायव्हरने शहाळी आणली होती. ती पिऊन झाल्यावर चिरंजीवांनी मनोऱ्याचा फोटो काढला. त्यात मी खाली उभा आहे आणि सगळे छज्जे व्यवस्थित आले आहेत. फोटोत तो पुडाचा डबाच वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

परत येऊन कामावर गेलो. हेड कॅशियर म्हणाले, “काय जी, कसे होते तिकडचे भोसले?” मी म्हटले, “आपल्यासारखेच.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि नोटा मोजायला घेतल्या. दुपारी शाखाधिकाऱ्यांनी केबिनमध्ये बोलावले. महिनाअखेर रिजनल मॅनेजर निवृत्त होऊन राहिले, निरोप समारंभ ठरला, स्मृतिचिन्हाची ऑर्डर गेली, आता मजकूर तेवढा तुम्ही लिहायचा.

मी विचारले, “साहेब, नक्की जाऊन राहिले ना? एक्स्टेंशन-बिक्स्टेंशन काही?”

“अहो, ऑर्डर आली आहे!”

“आली असेल. पण रिलीव्ह होऊ द्या. मग लिहितो.”